डावा खांदा चार ओळी खाली

९ नोव्हेंबर

ताई,

मायन्यात 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तू म्हणशील, लाडीगोडी लावतेय म्हणजे धाकट्या घाईचं काहीतरी काम असणार. काम आहेच. पाच महिने झाले, तू फोन उचलत नाहीस. भावोजींना केला तर दर वेळी 'गाडी चालवतोय' म्हणतात. किती गाडी चालवतात गं ते? शेवटी म्हटलं, पत्रच लिहावं. माझं अक्षर पाहून न फोडताच टाकून देशील म्हणून पत्ता छापून चिकटवलाय.

मुद्द्याचं सांगते. आपले नमुने चोरीला गेलेत.

तुझ्या चौकटींच्या वहीतले, स्वेटरचे. लोकर विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाने माझ्या इंटरनेटवरच्या पानावरून अकरा नमुने उचलले, प्रत्येकावर स्वतःचा आडवा शिक्का मारला आणि एका मोठ्या विक्रीच्या साइटवर मांडले. खाली लिहिलंय काय, तर 'आमच्या कारागिरांची खास रचना'. माझ्या अंगाची लाही लाही झाली. एक चौकट इकडची तिकडे केलेली नाही. पान सहामध्ये तू खोडून पुन्हा काढलेली गळ्याची रेघ आहे ना, तिचा डागसुद्धा तसाच आहे! लोकांना लाज म्हणून काही राहिलेली नाही.

मी लगेच साइटवाल्यांकडे तक्रार केली. फॉर्ममध्ये एक चौकोन होता: 'या कामाची मूळ हक्कदार मीच आहे.' त्यात बरोबरची खूण केली. इथे तू वाचायची थांबली असशील. थांबू नकोस, पुढे वाच.

आता ते दुकानवालेही तोंड वर करून म्हणतायत की नमुने आमचेच. म्हणून साइटवाल्यांनी दोघांकडे पुरावा मागितलाय. मूळ कागदाचा चारी कडा दिसतील असा फोटो हवा. कागदाच्या कडा जरा खराब झाल्यात, तेव्हा ते जमणार नाही. त्याऐवजी तू दोन ओळी लिहून दे: वही आमच्या घरातली आहे आणि नमुने धाकटीचे आहेत. एवढंच. घरातल्या घरात कोणाचे का असेनात, बाहेरच्याने पळवू नयेत, हे तर तुलाही पटेल. उत्तर द्यायची मुदत २३ तारखेपर्यंत आहे.

तू कशावरून चिडलीस हे मला कळतं. तुझ्या लेकीने तुला माझं पान दाखवलं असणार. पण वही मी ढापलेली नाही हं. बाबांचं घर रिकामं करताना तूच म्हणालीस, 'राहू दे तुझ्याकडे, आमच्याकडे जागा कुठाय?' मग आमच्या चष्म्याच्या दुकानात एक बाई आल्या, गाणं शिकवणाऱ्या. त्यांना माझं निळं जाकीट आवडलं, नमुना मागितला, मी फोटो पाठवला. त्यांच्या मैत्रिणीने मागितला. दर वेळी कुठे पाठवत बसू म्हणून पान उघडलं. खाली कोपऱ्यात तुझी सही असायची, ती फोटोत कापली गेली. मोबाइलमध्ये फोटो चौकोनी होतो, त्याला मी काय करणार?

दोन ओळी. परतीचं पाकीट आत ठेवलंय, त्यावर तिकीटही लावलंय.

तुझी
घाई


१७ नोव्हेंबर

ताई,

परतीचं पाकीट आलं नाही. तुझ्या लेकीचा फोन मात्र आला. माझं पत्र तू तिला वाचायला दिलंस म्हणे, भाजी निवडता निवडता. ती म्हणाली, "मावशी, आईला तुझं पान मार्चपासूनच माहितीये. तेव्हा ती चिडली नव्हती गं. उलट किती लोकांनी विणलं ते रोज मोजायची."

मी विचारलं, "मग जूनमध्ये काय झालं?"

"जूनमध्ये तिने तुला प्रश्न विचारला होता. ते कुंडीचं चित्र लावलेलं खातं होतं ना? ती आईच होती."

मी फोन ठेवला आणि शोधून काढलं. आहे. ११ जून. कुंडीचं चित्र, नावाच्या जागी नुसती टिंबं, आणि खाली विचारलंय: 'डावा खांदा चार ओळी खाली का आहे?'

त्याखाली माझं उत्तर: 'नमस्कार! ती चूक होती, सुधारलेली प्रत वर टाकली आहे. आपण लक्ष दिलंत, आभार!' वर एक हसरा चेहरा.

तुला मी 'आपण' म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.

पण ताई, मला कसं कळणार? कुंडीमागे लपून परीक्षा घ्यायची ही कुठली रीत? सरळ फोन करून झापायचं होतंस. लहानपणी कशी पाठीत धपाटा घालून मोकळी व्हायचीस! ते चाललं असतं.

आणि मी खोटं काय बोलले? चूक नाही तर काय ते? पानावर तीसेक जणांनी लिहिलं होतं की विणल्यावर गळा डावीकडे ओढतो, डावा खांदा उतरलेला दिसतो. मी वही काढून ओळी मोजल्या. तेवीस नमुन्यांपैकी अकरांत डावा खांदा दोन-तीन, बहुतेकांत चार ओळी आधी बंद केलाय. म्हटलं, ताईची मोजण्यात गफलत झाली असेल, एकाची चूक पुढच्यात उतरली असेल. पानावरच्या एका विणकर बाईंकडून कॉम्प्युटरवर तेवढ्या ओळी वाढवून घेतल्या. तक्रारी थांबल्या. मला तर वाटलं, मी तुझी अब्रू राखली. (तुझी कसली, माझीच. नाव तर माझं होतं.)

आता गंमत ऐक. त्या दुकानाने उचलले ते जुने, उतरत्या खांद्याचे नमुने. साइटवाले हुशार निघाले. काल त्यांनी दोघांना एकच प्रश्न पाठवला: या अकरा नमुन्यांमध्ये डावा खांदा उजव्यापेक्षा खाली का ठेवला आहे, ते सांगा. ज्याने काढलं असेल त्याला माहीत असणार.

मला माहीत नाही.

त्यांनी जे विचारलं तेच तू पाच महिन्यांपूर्वी विचारलं होतंस. म्हणून मीच तुला विचारते, का आहे तो खाली? सांग ना. तेवढं सांगितलंस की त्या चोराची जिरवते.

सांगायचं नसेल तर नको सांगूस. मी काहीतरी रचून लिहीन. पान चालवताना तेच करत आलेय. लोक विचारायचे, 'ताई, इथे टाके उचलायचे की नवे घालायचे?' मी वहीत बघून ठोकून द्यायचे. मला तर मफलरचे टाकेसुद्धा बंद करता येत नाहीत. तू शिकवायला बसायचीस आणि मी वीस ओळींत उठायचे. हे पानावरच्या आठ हजार माणसांपैकी एकालाही माहीत नाही.

घाई


२३ नोव्हेंबर

ताई,

आज मुदत संपली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उत्तर पाठवून दिलं. काय पाठवलं ते शेवटी सांगते. त्याआधी तुला खरं सांगायचंय.

परवा दुकानात एक काका आले. तुला माझं काम ठाऊक आहे, चष्मे बसवून द्यायचे. काका तणतणत आले. "चार दिवसांपूर्वी नेला आणि नाकावर तिरका बसतो. तुम्हाला साधा सरळ चष्मा करता येत नाही?"

मी चष्मा काचेच्या टेबलावर ठेवून दाखवला. दोन्ही काड्या टेबलाला टेकलेल्या, एकदम सरळ. मग त्यांच्या डोळ्यांवर चढवला, तर डावी बाजू खाली. मी रोजचं वाक्य म्हटलं, "काका, चष्मा सरळच आहे. तुमचे कान खालीवर आहेत. सगळ्यांचेच असतात." डावी काडी गरम केली, कानामागे जरा वाकवली, पुन्हा चढवून दिला. काका आरशात बघून खूश. जाताना म्हणाले, "आता टेबलावर ठेवला तर वाकडा दिसेल, नाही का?"

"टेबलाला कुठे घालायचाय?" मी म्हटलं.

म्हटलं आणि वहीतला तो चार ओळी खालचा खांदा आठवला. पुढच्या गिऱ्हाइकाला बसायला सांगितलं आणि तशीच उभी राहिले.

तुझी सही फोटोत कापली गेली नव्हती, ताई. मी कात्रीने कापली. सगळ्या तेवीस पानांचे खालचे उजवे कोपरे, एका बैठकीत. फोटोत बोटाने झाकता आली असती, पण उद्या कोणी वही बघायला मागितली तर, या भीतीने कापले. कोपरे फेकून द्यायची मात्र हिंमत झाली नाही. चष्म्याच्या एका जुन्या डबीत भरून दुकानातल्या माझ्या खणात ठेवले. कापताना वाचलेही नाहीत. तुझं नाव दिसलं की कात्री, नाव दिसलं की कात्री. त्याच्या वर बारीक पेन्सिलीने काहीतरी होतं. ते मापाचं असेल म्हणून सोडून दिलं. बाबांनी माझं नाव घाई ठेवलं ते काही उगाच नाही.

परवा डबी काढली. काचेवरचे ओरखडे बघायचं भिंग असतं आमच्याकडे, ते लावून एकेक कोपरा वाचला.

'बाबांसाठी. बॅगेचा खांदा, डावा, चार ओळी खाली. म्हणजे सरळ बसेल. बाबांना सांगायचं नाही.'

अकरा कोपऱ्यांवर तेच. आकडा तेवढा वाढत गेलेला: पहिल्यावर दोन ओळी खाली, मग तीन, मग चार.

बत्तीस वर्षं बाबा त्या अवजारांच्या बॅगेचं ओझं डाव्या खांद्यावर घेऊन लिफ्ट दुरुस्त करत फिरले. फोटो काढताना तो खांदा ते मुद्दाम उचलून धरायचे, आठवतं? मला वाटायचं, ऐट करतायत. त्यांना आपल्या खांद्याची लाज वाटायची हे मला कळलंसुद्धा नाही. मी सहा वर्षं त्यांच्याजवळ राहिले, गोळ्या दिल्या, पाठ चोळली, हाताने शर्ट घातले. उतरलेला खांदा माझ्या हाताखालून रोज जात होता. तू वर्षातून एकदा टेप घेऊन यायचीस आणि तुला तो दिसला.

आता आणखी एक. गाण्याच्या त्या बाईंनी 'नमुना द्या' असं आधी नव्हतं विचारलं. त्यांनी विचारलं, "किती सुरेख आहे! कोणी विणलं?" आणि मी म्हटलं, "मीच."

का म्हटलं ते सांगू? बाबा कोणी घरी आलं की स्वेटरची बाही पुढे करून म्हणायचे, "थोरलीच्या हातचा आहे." डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, गॅसवाल्यालासुद्धा. माझा हात त्यांच्या पाठीला धरलेला असायचा, त्याचं कधी कौतुक झालं नाही. मला तुझा राग यायचा, ताई. मत्सर म्हण. शेवटच्या दिवशीही मी त्यांच्याजवळ होते आणि अंगात स्वेटर तुझा होता. म्हणून कोणीतरी एकदा मला 'तुझ्या हातात जादू आहे' म्हटलं, ते मी घेतलं. मग रोज घेत गेले.

काल पानावर लोकांनी विणलेल्या स्वेटरांचे फोटो एकेक करून बघितले. साडेसहाशे आहेत. सुधारण्याआधीच्या नमुन्यावरून विणलेले दोनशेच्या वर असतील. कोणी बागेत, कोणी जिन्यात, कोणी स्वयंपाकघरात उभं. माणसं ताठ, सरळ, आणि डाव्या बाजूला स्वेटर जरासा खाली उतरलेला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, भाषा वेगळी, रंग वेगळा, आणि प्रत्येकाच्या अंगावर आपल्या बाबांचा खांदा. मार्चपासून तू रोज काय मोजत होतीस ते मला काल कळलं.

जूननंतरच्या फोटोंमध्ये खांदे सरळ आहेत. त्यांत बाबा नाहीत. ते मी केलं. चोरी केली ती केलीच. पण हे जास्त वाईट केलं.

साइटवाल्यांना लिहिलं ते असं: 'डावा खांदा खाली का आहे ते मला माहीत नव्हतं, कारण नमुने माझे नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीचे आहेत. मी त्यांच्यावरून तिचं नाव कापलं. तक्रारीत मी खोटी खूण केली. खांद्याचं कारण सांगायचा हक्क तिचा आहे, म्हणून लिहीत नाही.'

तासाभरात उत्तर आलं. माझी तक्रार बंद. ते दुकान विकत राहणार. खरी हक्कदार स्वतः येऊन तक्रार करेल तरच पुढे बघू, म्हणाले. म्हणजे खरं बोलून मी त्या चोराचंच भलं केलं. याला काय म्हणावं!

तुझी
धाकटी


३० नोव्हेंबर

ताई,

या पत्रासोबत पार्सल आहे, रजिस्टर केलंय. सही तूच कर, भावोजींना करू देऊ नकोस.

आत तुझी वही आहे. तेवीसही कोपरे आपापल्या पानांना चिकटवणार होते, पण दोन लावल्यावर हात थांबला. माझ्या हातून अजून काही कापलं-जोडलं जायला नको. बाकी एकवीस चष्म्याच्या डबीत आहेत. फोनमधले सगळे फोटो पुसले. साइटचा तक्रारीचा फॉर्म छापून ठेवलाय, कोरा. भरायचा की नाही ते तू ठरव.

पानावर सगळं खरं लिहून टाकलं. पहिल्या दिवशी चारशे जणांनी झोडलं. 'लाज वाटत नाही?' हे तर सात-आठ भाषांत वाचलं असेल. गाण्याच्या बाई दुकानात आल्या. मी मान खाली घालून त्यांच्या काचा पुसत बसले. त्या म्हणाल्या, "मग निळं जाकीटसुद्धा?" मी म्हटलं, "हो." त्यांनी अर्धवट पुसलेला चष्मा माझ्या हातातून घेतला आणि गेल्या. ते सगळ्यांत जास्त लागलं.

पान अजून बंद केलेलं नाही. बंद केलं तरी नमुने हजारो घरांत पोचलेत, इंटरनेटवर गेलेलं माघारी बोलावता येत नाही. सुधारलेल्या प्रती काढून पानावरच लपवून ठेवलेल्या जुन्या पुन्हा लावाव्यात असं फार वाटलं, बोट बटणावर ठेवलंही होतं. मग लक्षात आलं, हेसुद्धा मी तुला न विचारताच करायला निघाले होते. म्हणून विचारते. पान बंद करू, तसंच ठेवू की सरळ तुझ्या ताब्यात देऊ? तू म्हणशील ते. उत्तर दिलं नाहीस तर हात लावणार नाही.

अजून एक. डबीत अगदी वर एक कोपरा ठेवलाय, निळ्या जाकिटाचा. तो मी सगळ्यांत शेवटी वाचला.

'घाईसाठी. डावी बाही पाऊण इंच लांब. थंडी वाजली की ओढून मुठीत धरते.'

त्या बाहीवरून मी तुला किती चिडवलं होतं! 'तुझी पट्टी तुटली होती का गं?' म्हणून. तू नुसती हसलीस. आणि तेच जाकीट घालून मी त्या बाईंना 'मीच विणलं' म्हणाले. आत्ता लिहितानासुद्धा ती बाही माझ्या मुठीतच आहे.

तेवढा एक कोपरा मला मिळेल का? या वेळी विचारून घेतेय. आधी पार्सलमध्ये घातलाय आणि मग मागतेय. नाही म्हणालीस तरी चालेल.

तुझी
घाई


१९ डिसेंबर

प्रिय ताई,

या वेळी 'प्रिय' खोडलेलं नाही.

तुझं पाकीट आज दुकानाच्या पत्त्यावर आलं. मालकांसमोरच फोडलं. आत पत्र शोधलं, पाकीट उलटं करून झटकलं. मालक म्हणाले, "रिकामंच पाठवलंय की काय?" तेवढ्यात टेबलावर तो पडला. निळ्या जाकिटाचा कोपरा.

मागच्या बाजूला तुझ्या बारीक पेन्सिलीने लिहिलेलं होतं. भिंग लावावं लागलं.

'फॉर्म भरला. बाबांचा खांदा परत खाली कर. त्याखाली माझं नाव घाल. रविवारी ये, मफलर तरी शिकून घे.'

मालकांना म्हटलं, तासभर सुट्टी द्या. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, एक खांदा खाली करायचाय. त्यांना काही कळलं नाही, पण सोडलं.

अकराही नमुने पहिल्यासारखे लावलेत. प्रत्येकाखाली तुझं पूर्ण नाव आहे, दोनदा तपासून घातलंय. संध्याकाळपर्यंत एका बाईंनी विचारलंसुद्धा, 'डावा खांदा चार ओळी खाली का आहे?'

मी उत्तर दिलेलं नाही. तो प्रश्न तुझ्यासाठी ठेवलाय.

रविवारी सकाळच्या गाडीने येते.

तुझी
घाई